नखावरची रेघ कधीची? नखं वाचण्याची आणि जपण्याची रीत

नखावर आज दिसणारी खूण बहुतेक वेळा काही आठवड्यांपूर्वीची, नाहीतर काही महिन्यांपूर्वीची असते. नख तयार होतं ते बोटाच्या मागच्या कातडीखाली, मुळाशी. तिथून ते हळूहळू पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं, पायाचं 1 ते 1.5 मिमी. त्यामुळे हाताचं अख्खं नख नवं यायला सहाएक महिने लागतात आणि पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष ते दीड वर्ष. श्रावणात डेंगीनं आडवं पाडलं, दिवाळीच्या तोंडावर नखांवर आडवी खाच दिसली आणि मेडिकलमधून बुरशीचं मलम आणून चोळणं सुरू झालं, असं होतं ते हा हिशोब माहीत नसल्यामुळे.

आधी पाच मिनिटं नुसतं बघा

नेलपॉलिश काढा. मेंदी रंगलेली असेल तर ती उतरेपर्यंत रंगाबद्दल काही ठरवू नका. हात साध्या साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा आणि दारात किंवा खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बसा. ट्यूबलाइटखाली नखं उगाच फिकट, निळसर वाटतात.

मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी बोटाला चिकटवून ठेवा आणि मोबाइलनं जवळून फोटो काढा. मिमीच्या खुणा फोटोत स्पष्ट दिसल्या पाहिजेत. दर महिन्याला एकच तारीख, तीच जागा, तोच उजेड. असे दोन-तीन फोटो जमले की खूण पुढे सरकतेय का, हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

बघताना सगळ्यात आधी नखं मोजा. एकाच नखाला काही झालं असेल तर मार, बूट, बुरशी किंवा त्या जागेची गाठ असा स्थानिक विचार करायचा. दहाही नखांवर एकसारखी खूण असेल तर कारण शरीरात शोधायचं: ताप, रक्ताची कमतरता, सोरायसिस (कातडीवर खवले धरणारा विकार), एखादं औषध. मग खूण नखाच्या वर आहे की खाली, ते बघा. बोटाच्या टोकानं चोळल्यावर भुकटी निघाली तर ती वरची. नख दाबल्यावर रंग फिका पडला किंवा गेला तर तो खालच्या कातडीतल्या रक्ताचा. शेवटी नखाच्या मुळाशी असलेली पातळ पापुद्र्यासारखी कातडी, म्हणजे क्युटिकल, शाबूत आहे का, सुजलीय का, की गायबच झालीय, हे पाहा. नखाखाली पाणी शिरू नये म्हणून निसर्गानं लावलेलं ते सील आहे. पार्लरमध्ये ते कापून 'साफ' करतात आणि नखांची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

आडव्या खाचा: तापाचा हिशोब

मोठा ताप, मोठं ऑपरेशन, न्यूमोनिया, काही केमोथेरपीची औषधं अशा वेळी नखाचं मूळ काही दिवस काम मंदावतं. मंदावलेल्या दिवसांत तयार झालेला भाग पातळ राहतो आणि पुढे आडवी खाच होऊन दिसतो. डॉक्टर तिला बो रेषा म्हणतात. फ्रेंच डॉक्टर बो यांनी 1846 मध्ये तिचं वर्णन केलं.

तारीख काढायची रीत अशी. अंगठ्याच्या नखावर, मुळाजवळच्या कातडीच्या कडेपासून खाचेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. समजा ते 6 मिमी भरलं. महिन्याला 3 मिमी धरले तर खाच बाहेर येऊन दोन महिने झाले. त्याआधी ती कातडीखालून साधारण महिनाभर सरकत आली असणार, तो महिना मिळवा. म्हणजे घटना तीनेक महिन्यांपूर्वीची. कार्तिकात मोजलंत तर श्रावण निघतो. आता घरच्यांना विचारा, त्या सुमारास कोण किती दिवस अंथरुणाला होतं. हिशोब दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतो. मधल्या बोटाचं नख करंगळीपेक्षा जरा जलद वाढतं आणि म्हाताऱ्या माणसाचं हळू, म्हणून एकाच बोटावर विसंबू नका. पण सगळ्या नखांवर खाच जवळजवळ एकाच अंतरावर असेल तर उत्तर पक्कं समजा. औषध काही लागत नाही. खाच टोकाला येईल आणि एक दिवस नेलकटरनं कापली जाईल. तोवर तिथं नख अडकून फाटू नये म्हणून आखूड ठेवा.

लहान मुलांत याचा थोडा भीतिदायक प्रकार दिसतो. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा तो विषाणूचा ताप अंगणवाडीत, बालवाडीत पसरतो. तो बरा झाल्यावर महिना-दीड महिन्यानं एखाद्या मुलाची नखं मुळाकडून सुटायला लागतात, काही गळूनही पडतात. खाली नवं नख येत असतं. ओढून काढू नका. लोंबणारा भाग कापा, बोटाला साधी पट्टी गुंडाळा, एवढं पुरतं.

फक्त दोन अंगठ्यांवर, नखाच्या बरोब्बर मधोमध शिडीसारख्या आडव्या रेघांची रांग असेल तर कारण वेगळं असतं. तर्जनीनं अंगठ्याचं मूळ सतत खरवडायची ती सवय असते. माणसाला ती जाणवतही नाही, टीव्ही बघताना, एसटीत बसल्या बसल्या हात चालूच असतो. अंगठ्यावर कागदी चिकटपट्टी लावून ठेवली की पहिल्याच दिवशी सवय पकडली जाते. ती सहा महिने सुटली तर नख सरळ येतं.

उभ्या बारीक रेघांनी मात्र उगाच झोप उडवून घेऊ नये. वय वाढतं तशा त्या उठून दिसतात, सुरकुत्यांसारख्याच. कानशीनं घासून त्या गुळगुळीत करायला गेलं की नख पातळ होतं. सगळी वीस नखं सॅंडपेपरसारखी खरखरीत झाली, किंवा मुळाकडची कातडी नखावर चढून नख दुभंगलं, तर तेवढं त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दुसऱ्या प्रकारात उशीर झाला तर नखाचं मूळ कायमचं जातं.

रंग बदललाय? आधी साबण लावून बघा

सांगली बाजूला पिवळ्या नखांचं पहिलं कारण अर्थातच हळद. मार्केट यार्डात हळद हाताळणारे, पॉलिशच्या कामावरचे, घरी कांडप करणारे यांची नखं पिवळी असणारच. ओळखायची खूण प्रत्येक घरात माहीत आहे, फक्त ती कपड्यांसाठी वापरली जाते. पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला कपड्याचा साबण लावला की तो लालसर होतो. नखावरही तेच करा: ओल्या बोटानं साबणाची वडी घासा, अर्धा मिनिट थांबा. पिवळा रंग लालसर-विटकरी झाला तर ती हळद. ऊन आणि वाढ मिळून दोन-चार आठवड्यांत ती उतरते. रंग बदलला नाही, उलट नख जाड आणि खाली भुसभुशीत असेल तर पुढचा बुरशीचा भाग वाचा. गडद लाल नेलपॉलिशखालीही नख पिवळं पडतं. त्यावर उपाय म्हणजे आधी बिनरंगाचा बेस कोट द्यायचा.

मशेरी लावणाऱ्या बाईचं तर्जनीचं नख आणि विडी ओढणाऱ्याची दोन बोटं तपकिरी असतात, ती वरूनच रंगलेली असतात. जखम धुवायच्या जांभळ्या पाण्यानं, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटनं, नखं तपकिरी-काळपट पडतात आणि त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. अशा बाहेरून लागलेल्या रंगाची एक गंमत असते. त्याची मुळाकडची कड मुळाजवळच्या कातडीच्या आकाराची असते. नख वाढेल तशी ती कड अखंड पुढे सरकते आणि मागून स्वच्छ नख येतं.

पांढरे ठिपके कॅल्शियम कमी असल्यामुळे येत नाहीत. बगळ्यांची रांग दिसली की नखं पुढे करून पांढरी फुलं मागणाऱ्या पोरांना ते जास्त दिसतात, कारण पोरं दिवसभर बोटं आपटत असतात. मुळाला बसलेल्या बारीक ठेचेची ती खूण असते. नखात कॅल्शियम अगदी नगण्य असतं. नखाला कडकपणा येतो तो केराटिन या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांमुळे.

नखाचा मोठा भाग पांढराफटक आणि टोकाशी फक्त एक अरुंद गुलाबी-तपकिरी पट्टी, असं सगळ्या नखांवर असेल तर यकृताची तपासणी करून घ्या. मुळाकडचा अर्धा पांढरा आणि टोकाकडचा अर्धा तपकिरी असेल तर मूत्रपिंडाची. दोन्ही खुणा निरोगी म्हाताऱ्या माणसातही कधी दिसतात, म्हणून नखावरून रोग ठरवू नये, पण रक्ततपासणी टाळूही नये. नखं निळी पडली आणि धाप लागत असेल तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

तणनाशकाचं सांगायला हवं. उसात, बांधावर मारायचं पॅराक्वाट उघड्या हातानं ओतलं, मिसळलं किंवा गळका पंप पाठीवर घेतला की बोटांवर द्रावण येतं. काही आठवड्यांत नखांवर पांढरे-पिवळे पट्टे येतात आणि नख सुटायला लागतं. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, पेस्ट लावताना वापरतात ते हायड्रोजन सायनामाइडही कातडी आणि नखाभोवतीचा भाग जाळतं. शिलाईचे कापडी मोजे इथं उलट घातक, कारण भिजलेलं कापड औषध तासन्‌तास बोटाला धरून ठेवतं. नायट्रिल किंवा जाड रबराचे, मनगटाच्या वर येणारे मोजे घाला. काम झालं की मोजे हातात असतानाच बाहेरून धुवा, मग काढा.

काळी उभी पट्टी

आपल्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर फिकट तपकिरी उभ्या पट्ट्या असणं सामान्य आहे. वर्षानुवर्षं तशाच असतील तर सोडून द्या. पट्ट्या नव्यानं आल्या, बोटांची पेरं काळवंडली, थकवा आणि मुंग्या आहेत आणि माणूस शाकाहारी आहे, तर रक्तातलं बी12 जीवनसत्त्व तपासा.

सावध व्हायचं ते एकट्या पट्टीबद्दल. मोठ्या माणसाच्या एकाच बोटावर, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर नवी पट्टी आली, ती 3 मिमीपेक्षा रुंद आहे, मुळाकडे जास्त रुंद होत चाललीय, रंग कुठं गडद कुठं फिका आहे, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलाय, यातलं काहीही असलं तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हा नखाचा मेलानोमा, म्हणजे कॅन्सर असू शकतो. तो क्वचितच होतो, पण 'ठेच लागली असेल' म्हणून वर्षभर राहून जातो.

ठेचेचं रक्त ओळखायला मोजपट्टी आणि फोटो पुरतात. ते डागासारखं असतं, पट्टीसारखं क्वचित. महिन्याभरात हाताच्या नखावर ते 3 मिमी पुढे गेलेलं दिसतं आणि त्याच्या मागे स्वच्छ नख उघडं पडतं. पुढे सरकलं नाही, तर ते रक्त नव्हे. बोट नुकतंच दारात चेंगरलंय, नखाखाली रक्त भरलंय आणि ठणका सहन होत नाहीये, तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात आणि क्षणात आराम पडतो. तापवलेली सुई घरी खुपसायचा उद्योग करू नका. हाड मोडलेलं असेल तर त्या भोकातून जंतू हाडापर्यंत जातात.

बुरशी: आधी तपासणी, मग गोळी

जाड, पिवळट, ठिसूळ दिसणाऱ्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीच्यांत सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट, नाहीतर वय असतं. म्हणून नुसतं बघून गोळ्या सुरू करणं म्हणजे नाणं उडवणं.

बुरशी बहुधा पायाच्या बोटांच्या बेचक्यातून येते. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात भातलावणीचे आठवडे चिखलात उभं राहून चिखल्या होतात. त्यांतल्या काही नुसत्या पाण्यानं, काही बुरशीनं. बुरशी तिथं राहिली की हळूच अंगठ्याच्या नखाखाली शिरते: आधी टोकाच्या कोपऱ्यात पिवळा-पांढरा डाग, मग खाली भुसा, मग नख जाड होऊन उचललं जातं. हाताची नखं साफ आणि पायाची एक-दोनच खराब, सोबत बेचक्यात साल निघणं, हे चित्र बुरशीच्या बाजूचं. याउलट हाताच्या नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे, नखाखाली तेलाच्या थेंबासारखा नारिंगी डाग, डोक्यात किंवा कोपरावर खवले, सकाळी बोटांचे सांधे आखडणे, हे चित्र सोरायसिसचं. सांधे आखडत असतील तर ते आवर्जून सांगा, कारण नखाचा सोरायसिस आणि सांध्यांचा सोरायसिस बऱ्याचदा जोडीनं येतात.

तपासणी साधी आहे. नख कापून आणि खालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघितली, तर उत्तर यायला तीन-चार आठवडे जातात. तपासणी फसते ती नमुना चुकीचा घेतल्यानं. टोकाचं मेलेलं नख दिलं तर बुरशी सापडत नाही. ती असते खराब आणि चांगल्या नखाच्या सीमेवर, म्हणून सुटलेलं नख शक्य तितकं मागपर्यंत कापून तिथला भुसा द्यायला हवा. त्याआधी दोनेक आठवडे मलम आणि लॅकर, म्हणजे नखावर नेलपॉलिशसारखं लावायचं औषध, बंद ठेवा आणि जाताना पायाला तेल लावू नका.

बुरशी निघाली तर मोठ्या माणसाला बहुधा टर्बिनाफिन देतात: रोज 250 मिलिग्रॅम, हातासाठी 6 आठवडे आणि पायासाठी 12 आठवडे. आधी यकृताची रक्ततपासणी होते. दुसरं औषध इट्राकोनॅझोल, ते हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही आणि बऱ्याच गोळ्यांशी त्याचं जमत नाही, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. मूळ शाबूत असेल आणि एक-दोन नखांचा फक्त टोकाकडचा भाग खराब असेल तर लॅकरवर भागू शकतं. अमोरोल्फिन 5 टक्के आठवड्यातून एकदा, सायक्लोपिरॉक्स 8 टक्के रोज. पायासाठी वर्षभर तयारी ठेवा.

लोक हमखास चुकतात ते इथं. 12 आठवड्यांच्या गोळ्या संपल्या तरी अंगठ्याचं नख तसंच घाण दिसतं आणि 'औषध लागू पडलं नाही' म्हणून नवा डॉक्टर गाठला जातो. बुरशी मेली तरी खराब झालेलं नख दुरुस्त होत नाही, ते वाढून कापलंच जावं लागतं. गोळ्या सुरू करताना खराब नखाच्या मागच्या सीमेवर ब्लेडच्या टोकानं हलकी रेघ मारायला डॉक्टरांना सांगा. तीन महिन्यांनी रेघ 3-4 मिमी पुढे गेली आणि मागचं नख स्वच्छ असेल तर काम झालंय, आता फक्त थांबायचं. रेघेच्या मागेही खराबी आली तर परत जायचं.

सोबत बेचक्यावरही उपचार करा, मोजे गरम पाण्यात धुवा, बूट एक दिवसाआड घाला म्हणजे आतून सुकतील, घरातलं नेलकटर वेगळं ठेवा. मेडिकलमध्ये 'गजकर्णाची ट्यूब' म्हणून मिळणारी, बुरशीनाशक, जंतुनाशक आणि स्टेरॉइड एकत्र केलेली मलमं नखाला आणि पायाला लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते आणि आत बुरशी निवांत पसरते.

पाण्यातले हात

भांडी, धुणं, जनावरांचं दूध काढणं, चहाच्या गाड्यावरचे ग्लास, बेदाणा शेडमधली धुलाई. नख पाणी शोषून फुगतं, सुकलं की आकसतं. दिवसात वीस वेळा हे झालं की थर सुटून टोक पापुद्र्यासारखं सोलवटतं. इथं गोळ्यांआधी सवय बदलायला हवी.

हातमोजे घालायचे तर आत पातळ सुती मोजा, वर रबरी. नुसत्या रबरी मोज्यात घाम साठतो आणि हात ओलेच राहतात. सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त घालू नका, आत पाणी गेलं तर लगेच बदला. भांड्यांचा साबण हातावर थेट घेऊ नका, वाटीत पाण्यात कालवून घासणीवर घ्या. काम संपलं की हात पुसा, बोटांच्या सांदीसुद्धा, आणि नखं किंचित ओलसर असतानाच प्रत्येक नखाच्या मुळाशी खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा एक ठिपका चोळा. रात्री झोपताना 10 ते 20 टक्के युरियाचं मलम. फरक दिसायला तीन-चार महिने जातील, कारण सुधारलेलं नख मुळापासून टोकापर्यंत यायचं आहे. ज्यांना आठवड्यात फरक हवा त्यांनी नखं बोटाच्या टोकाइतकी आखूड करावीत, तेवढं एकच खरं झटपट काम आहे.

नखांसाठी घेतात त्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा पुरावा तोकडा आहे. शिवाय त्या चालू असताना थायरॉइड आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकू शकतात. घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा. केस काळे व्हावेत म्हणून नखांवर नखं घासणाऱ्यांबद्दल एवढंच, की केसांचं काही होत नाही, नखांचं होतं.

नख टोकाकडून सुटून पांढरं दिसत असेल तर खाली काडी, सेफ्टी पिन घालून मळ काढू नका, प्रत्येक कोरणीबरोबर सुटणं मागे सरकतं. सुटलेला भाग कापून टाका आणि कोरडं ठेवा. त्या पोकळीत हिरवा-काळपट रंग आला तर ते ओलाव्यात वाढणारे जंतू असतात. 1 भाग साधं व्हिनेगर आणि 4 भाग पाणी यात दिवसातून दोनदा 5 ते 10 मिनिटं बोट बुडवा, मग पूर्ण सुकवा. दोन-तीन आठवड्यांत बदल नसेल तर दाखवा.

नखुरडं

नखाच्या कडेला अचानक लाली, ठणका, पू, म्हणजे नखुरडं. कारण बहुधा नखाशेजारची साल दातानं ओढणं. पू धरलेला नसेल तर कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बोट धरा. लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसायचा जुना उपाय उघड्या कातडीला जाळतो, पू काही बाहेर काढत नाही. पिवळा फुगा दिसला की डॉक्टरांकडून चीर देऊन निचरा करून घ्यायचा, नुसत्या अँटिबायोटिकनं साठलेला पू जात नाही. बारीक पाणीदार फोडांचा घोस आणि त्या मानानं फार जास्त वेदना असतील तर तो हर्पिस, म्हणजे विषाणूचा संसर्ग, असू शकतो. त्याला चीर देत नाहीत. मधुमेह असेल, लाली बोटभर चढली असेल किंवा ताप आला असेल तर एक रात्रही थांबू नका.

सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं, कमी दुखणारं, क्युटिकल गायब झालेलं आणि नखाच्या कडा वेड्यावाकड्या करणारं नखुरडं वेगळं. ते पाण्याचं आणि साबणाचं दुखणं आहे, बुरशी तिथं पाहुणी म्हणून येते. नुसतं बुरशीचं मलम लावून ते जात नाही. हात कोरडे ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम यांनी ते हटतं.

चमच्यासारखं नख, फुगलेलं टोक

नख मधोमध खोलगट वाटतंय? सपाट धरून त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. ओघळला नाही, तळ्यासारखा थांबला, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणात 11 च्या खाली, पुरुषाचं 13 च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोह कमी निघालं तर गोळ्या लागतात, नुसत्या गुळानं ते भरून निघत नाही. आहारात मात्र कोरेगावचा वाघ्या घेवडा, हरभरा, मटकी, पालेभाज्या आणि त्यावर लिंबू जरूर घ्या, चहा जेवणानंतर तासभरानं. पाळीत रक्त फार जातंय का, पोटात जंत आहेत का, मूळव्याध आहे का, हे न बघता गोळ्याच खात राहिलात तर भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरल्यासारखं होतं. बाळांच्या पायाची नखं पहिल्या काही वर्षांत चमच्यासारखी असणं स्वाभाविक आहे.

बोटांची टोकं फुगली आणि नख पोपटाच्या चोचीसारखं वळलं असेल तर दोन्ही हातांच्या त्याच बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरा. मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक खिडकी दिसली पाहिजे. नाही दिसली तर छातीचा एक्सरे आणि डॉक्टर. फुप्फुस, हृदय, यकृत, आतडं, कुठंही मूळ असू शकतं.

पायाची नखं कापताना

आंघोळीनंतर, नख मऊ असताना कापा. सरळ आडवं कापा, कोपरे गोल करून खोल खणू नका. खणलेल्या कोपऱ्यात राहिलेला नखाचा काटा वाढताना मांसात घुसतो. सुरुवातीलाच असेल तर मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून, घुसलेल्या कोपऱ्याखाली कापसाचा धागा सरकवा आणि रोज बदला. लाल मांस वाढलं किंवा पू आला तर डॉक्टरांनी कड काढण्याशिवाय इलाज नाही. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. साताऱ्यातून कासला किंवा अजिंक्यताऱ्यावर धावायला जाणाऱ्यांच्या अंगठ्याचं नख काळं पडतं ते उतारावर बोट बुटाला आपटून. लेस घोट्याशी घट्ट बांधा. मधुमेह असलेल्यांनी ब्लेड, वस्तरा, कुरुपाचं ॲसिड हातातच घेऊ नये.

दाखवायला जाताना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो की गावातले त्वचारोगतज्ज्ञ, हातापायाच्या वीसही नखांवर पॉलिश, मेंदी नको. महिन्यामहिन्याचे पट्टीसकट फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घाला. खराब नख आदल्या रात्री कापून जाऊ नका, तपासणीला तेच लागणार आहे.